रानाच्या वाट्याचं बी

डोंगरात माणसं थोडी आणि रान फार, अशा काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावाची जमीन महापुरानं खरवडून नेली. मागे नुसते दगडगोटे उरले. चाळीस घरांची माणसं गुरंढोरं घेऊन घाट चढली आणि वरच्या पठारावर येऊन थांबली. पठारावर दाट रान होतं.

कुऱ्हाड चालवण्याआधी गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं सगळ्यांना एकत्र बसवलं. तो म्हणाला, "ही जागा रिकामी नाही. इथं आपल्या आधीपासून कुणीतरी राहतंय. आपण रान तोडणार म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणार. म्हणून मोकळ्या केलेल्या जमिनीतली एक लांब पट्टी रानातल्या जिवांसाठी पेरायची. तिथलं एक कणीसही माणसानं घ्यायचं नाही."

सगळ्यांनी मातीला हात लावून शपथ घेतली.

उन्हाळा संपेपर्यंत रान तुटलं, बुंधे उपटले गेले, पालापाचोळा जाळून झाला. एका बाजूला गावाची शेतं आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं रान, मधोमध रानाच्या वाट्याची पट्टी. आता प्रश्न आला, तिथं पेरायचं काय?

गावात धाकोजी नावाचा शेतकरी होता. त्याच्याइतका जाणता शेतकरी नदीकाठी दुसरा नव्हता. पूर आला तेव्हा त्यानं घरातली भांडी सोडली, पण टपोऱ्या पांढऱ्या जोंधळ्याचं एक पोतं डोक्यावर घेऊन तो पाण्यातून बाहेर आला होता. त्याच बियाण्यावर सगळं गाव पेरणी करणार होतं. तो पुढं आला आणि म्हणाला, "रानाला हलकंसलकं बी द्यायचं नाही. माझ्या जोंधळ्यातलं निवडक बी मी देतो. तीन महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जातो. जनावरं दुवा देतील."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून गावाच्या शेळ्या राखणारी सगुणाआत्या उठली. तिचा जन्म जनावरांच्या मागं चालण्यात गेला होता. ती म्हणाली, "कारभारी, मला आठ दिवस द्या. या रानात कोण राहतं आणि काय खातं, ते बघून येते. मग बी ठरवू."

कुणीतरी हसलं. "जनावराला काय आत्या, हिरवं दिसलं की झालं!"

कारभाऱ्यानं आभाळाकडे पाहिलं. ढग भरून येत होते. आठ दिवस थांबलो तर पेरणीचा वाफसा हुकेल, असं त्याला वाटलं. तो धाकोजीला म्हणाला, "तुझंच बी पेर."

धाकोजीनं मनापासून पेरणी केली. एकेक ओळ स्वतः धरली. नव्या जमिनीत राखेचा कस होता. भाद्रपद सरता सरता पट्टीवर जोंधळा डुलू लागला. शेजारच्या गावाच्या शेतांतही तोच जोंधळा होता.

दाणा दुधात आला आणि रान पट्टीवर उतरलं. रानडुकरं आली, सांबरं आली, मोर आले, शेवटी गव्यांचा कळपही आला. गावकरी लांबून बघायचे. धाकोजीचे डोळे भरून यायचे.

पंधरा दिवसांत पट्टी फस्त झाली. धाटंसुद्धा उरली नाहीत. पण जनावरं परत गेली नाहीत. त्यांच्या जिभेला जोंधळ्याची चव लागली होती, आणि तोच जोंधळा चार पावलांवर गावाच्या शेतांत उभा होता. माणसाच्या वाट्याचं कुठं सुरू होतं, हे त्यांना कोण सांगणार?

एका सकाळी, दिवस उगवत असताना, धाकोजीचा धाकटा भाऊ गोंदाजी शेतावर गेला. पिकात गवे शिरले होते. तो काठी घेऊन ओरडत धावला. बाकीचे गवे पळाले, पण एका मादीचं पिल्लू पिकात अडकलं होतं. ती मागं वळली आणि सरळ त्याच्या अंगावर आली. लोकांनी त्याला उचलून घरी आणलं. दुपार व्हायच्या आत त्याचा प्राण गेला.

गाव पेटून उठलं. कुणी म्हणालं, खड्डे खणून वर फांद्या टाका. कुणी म्हणालं, विष पेरा. पट्टी मोडून टाका, असं तर सगळेच म्हणाले. कारभाऱ्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग तो म्हणाला, "शपथ सगळ्यांनी घेतली होती, पण आज घाव धाकोजीच्या घरावर बसलाय. तो सांगेल तसं करू."

धाकोजी म्हणाला, "तेरावं होईपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी तो सगुणाआत्याकडे गेला. ती शेळ्या सोडत होती. तो म्हणाला, "आत्या, घरातलं सगळ्यात चांगलं बी मी दिलं. हात आखडला नाही. मग असं का झालं?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

पुढचे दिवस ती त्याला रानात घेऊन फिरली. कोवळे वेळू कुठं खुडलेत, मारवेल गवत कुठं कातरून नेल्यासारखं झालंय, ते तिनं दाखवलं. एका खडकाआड सावलीत वाळक्या बियांचा छोटा ढीग होता. धाकोजी खाली बसला.

"या कुणी ठेवल्या?"

"सांबरानं. थंडीत आवळे खातं, इथं बसून रवंथ करतं आणि बिया तोंडातून टाकून देतं. गेल्या सालच्या आहेत या."

"इथं तर आवळ्याचं झाड दिसत नाही."

"होती ना. आवळे होते, बेहडे होते, बोरी होत्या. पठाराच्या मधोमध." तिनं गावाकडे बोट केलं. "तिथं आता आपली घरं आहेत."

धाकोजीनं त्या बिया मुठीत घेतल्या. आत्या म्हणाली, "लेका, तुझा जोंधळा पंधरा दिवस पुरला. वर्षाला दिवस किती असतात? त्यांची थंडीची भाकर आपण तोडली, उन्हाळ्याची तोडली, आणि त्या बदल्यात पंधरा दिवस सणाचं जेवण वाढलं. तेही आपल्या दाराशी."

धाकोजी तिथंच बसून राहिला. भावाच्या मृत्यूनंतर तो रडला नव्हता. आता रडला.

तेरावं झालं. गाव जमलं. धाकोजी उभा राहून म्हणाला, "माझ्या भावाला गव्यानं मारलं हे खरं. पण गव्याला शेतात यायला मी शिकवलं. मी मन लावून दिलं, पण मला जे प्रिय होतं तेच दिलं. त्यांना काय लागतं ते बघितलं नाही. खड्डे खणू नका. पट्टी पुन्हा पेरू. या वेळी बी आत्या निवडेल."

लोक कुजबुजले. तेव्हा गोंदाजीची बायको दारातून बोलली, "खड्ड्यात दहा गवे मेले तरी माझं माणूस परत येणार नाही. पण पुढच्या सुगीला दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये. भाऊजी म्हणतात तसं करा."

खड्ड्यांची गोष्ट तिथंच संपली.

थंडीभर आणि उन्हाळाभर आत्या आणि धाकोजी बी गोळा करत हिंडले. आवळा, बेहडा, बोर. मारवेलाचं बी. पावसाळा संपता संपता खायला मिळावा म्हणून कुळीथ, तोही आखूड वेलाचा, डोंगरावरचा. पट्टीला लागून, तिच्याइतकंच लांब, धाकोजीचं स्वतःचं शेत होतं. त्यात त्यानं जोंधळा पेरलाच नाही, कारळा पेरला. कारळ्याला जनावर तोंड लावत नाही. पट्टी आणि गाव यांच्यात ती पिवळ्या फुलांची भिंत उभी राहिली.

पहिल्या वर्षी पट्टीवर बघण्यासारखं काही नव्हतं. गवतात बोटभर रोपं. रानडुकरांनी त्या वर्षीही तीन शेतं उकरली. लोक चिडले आणि कारभाऱ्याकडे गेले. कारभारी म्हणाला, "मागच्या वेळी मला आठ दिवस धीर धरवला नाही. आता वर्षं लागली तरी धरेन."

दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. पाचव्या वर्षी बोरी फळल्या. त्यानंतर एक साल कोरडं गेलं. रान वाळलं, ओढे आटले. सगळं गाव धास्तावलं होतं. पण गवे पट्टीवरच थांबले. कारळा ओलांडून एकही आत आला नाही.

एका संध्याकाळी धाकोजीनं त्यांना जवळून पाहिलं. त्याच्या हातात काठी होती. ती त्यानं घट्ट आवळली, कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि मग काही न करता घरी परतला. माफी देणं त्याला कधीच पुरतं जमलं नाही. पण त्यानंतर दर साली पट्टीवर पहिली मूठ तोच टाकायचा.

पट्टीची कीर्ती पसरली. शेजारच्या डोंगरावर नवी वस्ती होत होती. तिथली चार माणसं एक दिवस रिकामी पोती घेऊन आली. म्हणाली, "धाकोजीबाबा, आम्हीही रानासाठी जागा सोडलीय. तुमचं बी द्या, तसंच पेरतो."

धाकोजीनं त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "तुमच्या रानात कोण राहतं?"

"रानात? असतील काहीतरी जनावरं," त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"पोती इथंच राहू द्या," धाकोजी म्हणाला. "आधी ते बघून या."

तात्पर्य: आपल्याला जे प्रिय, ते देण्यात आपलं समाधान असतं. घेणाऱ्याची भूक ओळखून दिलं, तरच त्याचं पोट भरतं.