दाराची दुसरी पट्टी

“पण आवाज येतोय कुठून, नाना?”

भोईटे नाना बाजारात बैल बघावा तसे गाडीभोवती फिरत होते. टायरला हात लावला. काचेवर टिचकी मारली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

दार लागताना ‘धप्’ सुद्धा झालं नाही. नुसतं लागलं.

“चांगली केलीस,” नाना म्हणाले.

एवढंच ऐकायला शार्दूल आगाशे चाकणहून साताऱ्यापुढच्या या वाडीवर आला नव्हता. गाडी चांगली झालीय हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या या सर्वांत उंची, विजेवरच्या गाडीतून वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज हद्दपार करायचं काम चार वर्षं त्याच्याकडे होतं आणि ते त्याने तडीस नेलं होतं. काचा दुहेरी केल्या. छताला धरणाऱ्या खांबांच्या पोकळीत फोम भरला. टायरच्या आत स्पंज बसवला. दारांना एक रबरी पट्टी असते, तिच्या आत त्याने दुसरी पट्टी लावली. ती कल्पना त्याची एकट्याची. तिचं पेटंट त्याच्या नावावर होतं आणि त्याचा कागद त्याच्या केबिनमध्ये काचेच्या चौकटीत टांगलेला होता.

आता हायवेवर शंभरने जाताना मागच्या सीटवरच्या माणसाने पुस्तकाचं पान उलटलं, तर पुढच्याला ऐकू यायचं.

आणि वारा गेला, रस्ता गेला, त्याच दिवशी ती टिकटिक सुरू झाली.

“किती जणांना ऐकू येतीय?” नानांनी विचारलं.

“गाडीत बसवलेल्या सहातल्या चौघांना. वैशंपायन मॅडमनाही आली. आमच्या मुख्य. सोमवारी त्यांची शेवटची फेरी आहे. तोवर सापडली नाही तर गाडी अडकेल.”

“आन् तू?”

“मीही अडकेन.”

नानांनी मान हलवली.

“डॅशबोर्ड चारदा उघडला,” शार्दूल म्हणाला. “सीटा काढल्या. बत्तीस मायक्रोफोन लावले. यंत्राला सापडत नाही, आणि कानाला सुटत नाही.”

“म्हनून आलास व्हय.”

शार्दूल सात वर्षांनी आला होता.

नाना त्याच कंपनीत एकतीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होते. शिक्षण आठवी. पण परदेशातून शिकून आलेल्या शार्दूलला पहिले सहा महिने त्यांनीच मागच्या सीटवर डोळे मिटून बसवलं होतं, हातात वही देऊन. ऐकू येईल ते लिहायचं. डाव्या चाकाची घरघर, आरशाची शीळ, बुटाच्या तळव्यातून वर येणारा डांबराचा गुणगुणाट. तेव्हा त्याला त्यांचा राग यायचा. पुढे कळलं, की यंत्रांनी जे शिकवलं ते सगळं त्या वहीनंतरचं.

हे त्याने नानांना कधी सांगितलं नव्हतं.

“कुठला आवाज काढायचा ते सांगितलंस,” नाना म्हणाले. “ठेवायचा कुठला?”

“म्हणजे?”

“काहीतरी ठेवायचा असंल की.”

शार्दूलला हसू आलं. “कुठलाच नाही, नाना. तोच तर माझा धंदा.”

“हां,” नाना म्हणाले, आणि चपला झटकून डावीकडच्या सीटवर बसले.

घाट चढून गाडी पठारावर आली. इथे पवनचक्क्यांची रांग आहे आणि वारा कधी थांबत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांचं गवत लोळण घेत होतं. एका टपरीचा पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड रचले होते. हे सगळं काचेतून दिसत होतं, पण भिंतीवरचं चित्र दिसावं तसं. आत काही नव्हतं.

टिक… टिक… टिक…

“ऐकलीत?” शार्दूल जवळजवळ आनंदाने म्हणाला.

“ऐकली.”

“कुठून येतीय?”

नानांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. शार्दूल त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिला. आता बोट दाखवतील… आता…

“बिचारी,” नाना म्हणाले. “एकटीच ऱ्हायली की रं.”

“नाना, मस्करी नको. सोमवार आहे.”

“थांबव गाडी.”

त्याने थांबवली. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हात लांब करून स्टिअरिंगमागच्या पडद्यावर पसरला. वेगाचा आकडा झाकून गेला.

“आता चल. साठानं.”

“यात काय आहे? बारा वर्षं गाड्या चालवतोय.”

“चल की मग.”

शार्दूल निघाला. रस्ता सरळ होता, मोकळा होता. हात सैल, पाय सैल. त्याचं लक्ष टिकटिकीकडे होतं. ती कधी काचेजवळ वाटायची, कधी पायाशी. तो मान तिरकी करून तिच्या मागे लागला.

“किती?” नानांनी विचारलं.

“साठ. फार तर पासष्ट.”

नानांनी टॉवेलचं टोक उचललं.

अठ्ठ्याण्णव.

शार्दूलला तो आकडा खरा वाटला नाही. पडदा बिघडला असेल, असं मनात आलं. आणि ते मनात येतंय तोवर वळण आलं, आणि वळणापलीकडे डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. गाडीकडे तिचं लक्ष नव्हतं.

त्याने सगळा भार टाकून ब्रेक दाबला.

गाडी गेली… गेली… आणि थांबली. मध्ये चार हात अंतर उरलं होतं. बाई दचकून वळली, भारा डोक्यावरून घसरला, गवत रस्त्यावर पसरलं.

मग शार्दूल उतरला. दार उघडताच वाऱ्याने त्याच्या कानशिलात मारली. तो धडपडत पुढे गेला, “लागलं नाही ना? लागलं नाही ना तुम्हाला?” एवढंच म्हणत राहिला.

बाई पन्नाशीची होती. कमरेवर हात ठेवून तिने आधी गाडीकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

“काय ओ पावनं, गाडीला आवाज न्हाई व्हय तुमच्या?”

शार्दूलने गुडघ्यावर बसून गवत गोळा केलं. वारा ते पुन्हा पुन्हा विसकटत होता. नानाही उतरून आले. तिघांनी मिळून भारा बांधला. तो तिच्या डोक्यावर चढवताना शार्दूलची इतकी घाई झाली, की तीच म्हणाली, “सावकाश. मी हाय की उभी.”

ती उतारावरच्या पायवाटेने निघून गेली.

“वाऱ्यामुळे तिला गाडी ऐकू आली नसणार,” शार्दूल थोड्या वेळाने म्हणाला.

“नसंल.”

“तिचा दोष नाही, पण…”

“आन् तुला कशामुळं ऐकू आली न्हाई?”

शार्दूलने वर पाहिलं. नानांचा चेहरा उतरला होता.

“मला बी सत्तरच वाटला,” नाना म्हणाले. “एकतीस वर्षं घातली म्या. सत्तरच वाटला… झाकायला नको हुतं. चूक माझी हाय.”

गुरूच्या तोंडून असं काही शार्दूलने कधी ऐकलं नव्हतं. त्याला एकदम भीती वाटली. नानांना फसवू शकेल इतकी शांतता त्याने बनवली होती, आणि वर्षअखेर ती बाजारात जाणार होती. ती चालवणाऱ्यांच्या पुढेही वळणं असणार होती.

मग नानांनी ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

“ह्या दोन कशाला?”

“बाहेरची नेहमीची. आतली माझी.”

“तुझी काढ.”

“नाना, ती काढली तर वारा आत येईल.”

“काढ.”

“पेटंट आहे तिचं. या गाडीत दुसरं काही उरलं नाही तरी चालेल, पण ती…”

नाना गवताकडे बघत राहिले.

शार्दूलने पट्टीचा कोपरा नखाने धरला. ओढला. कुरकुरत रबर सुटत गेलं, आणि शेवटी सगळी पट्टी त्याच्या मनगटावर लोंबायला लागली. चार वर्षं… तिचं वजन पावशेरही नव्हतं. त्याने ती मागच्या सीटवर टाकली आणि पुन्हा स्टिअरिंगशी बसला.

या खेपेला तो जपून निघाला. थोड्या वेळाने उजव्या कानाशी काहीतरी जागं झालं. शीळ नव्हती ती. कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा खालच्या पट्टीतला हुंकार होता. पाय दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा.

पुढे लांबवर रस्ता मोकळा दिसत होता. “आता झाका,” शार्दूल स्वतःच म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर थांबून त्यांनी टॉवेल पसरला. डोळे मात्र रस्त्यावरून हलवले नाहीत.

“किती?”

शार्दूलने कान दिला. “पन्नास.”

एक्कावन्न.

“आता?”

“त्रेसष्ट… नाही, चौसष्ट.”

चौसष्ट.

“पुन्हा,” शार्दूल म्हणाला. “पुन्हा झाका.”

अठ्ठावन्न. चाळीस. सत्तर. तो एकामागून एक आकडे सांगत गेला. एखाददुसऱ्याने चुकायचा आणि चुकला की हसायचा. वारा असा बोलतो हे त्याला वहीच्या दिवसांत माहीत होतं. मग कधीतरी तो वारा त्याच्यासाठी नुसता आकडा झाला होता, खाली आणायचा. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, हा आणखी काय काय सांगत असेल? रस्ता ओला आहे का, पुढून ट्रक येतोय का, पठार संपत आलं का…

तीन-चार किलोमीटर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

“नाना, टिकटिक?”

“तिचं काय?”

“ऐकू येत नाही.”

“हाय की आतच.”

शार्दूलने कान ताणले. हुंकार होता, टायरची हलकी सळसळ होती. त्यांच्याखाली कुठेतरी ती असेलही. शोधावी असं त्याला वाटेना.

“म्हणजे सापडली नाहीच.”

“न्हाई,” नाना म्हणाले. “आता तिला सोबत हाय, एवढंच.”

शार्दूलने गाडी कडेला घेतली आणि तिथूनच वैशंपायन मॅडमना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं. झाकलेला आकडा सांगितला, बाई सांगितली, स्वतःचा चुकलेला अंदाजही सांगितला.

“पट्टी काढली तर सर्वांत शांत गाडी आपली राहणार नाही, शार्दूल,” त्या म्हणाल्या. “जाहिराती छापून तयार आहेत.”

“माहीत आहे.”

“आणि ती पट्टी तुझी आहे.”

“हो.”

“एक आठवडा देते. पण अनावरणाला मंचावर तू उभा राहायचंस. आवाज का ठेवला, ते तूच सांगायचंस. मी सांगणार नाही.”

“सांगेन,” शार्दूल म्हणाला. आवाज मात्र त्याला वाटला होता तितका ठाम निघाला नाही.

फोन ठेवून त्याने मागच्या सीटवरची पट्टी पुढे घेतली आणि मांडीवर पसरली. आता खरं काम. सगळी काढली तर मागच्यांना वारा बोचेल. सगळी ठेवली तर… मध्ये कुठेतरी छेद द्यायचा होता. पण कुठे? याला त्याच्याकडे आलेख नव्हता, तक्ता नव्हता.

“नाना, आवाज ठेवायचा हे कळलं. पण किती ठेवू?”

नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. दार उघडून उतरले आणि ते लावून टाकलं. दारापासून दोन पावलं लांब, वाऱ्यात उभे राहिले. धोतराचा सोगा फडफडत होता. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलले.

“काय?” शार्दूलने आतून विचारलं.

ओठ पुन्हा हलले. नाना आवाज चढवत नव्हते, हे दिसत होतं.

शार्दूलने बटण दाबून डावीकडची काच बोटभर खाली घेतली. वारा आत शिरला. शब्द नाही.

आणखी थोडी. गवताची सळसळ आली. पवनचक्कीच्या पात्यांचा घुमारा आला.

आणखी जराशी… कुठल्या तरी गुराच्या गळ्यातली घंटा आली. आणि त्या सगळ्यामधून नानांचा रोजचाच, खालच्या पट्टीतला आवाज आला.

“आलं का रं ऐकू?”

“आलं, नाना.”

“मग तेवढा ठेव.”