काशाचा पवळ्या

एका राज्यात कोंबडा आरवत नसे आणि नांगर माणसं ओढत. तिथल्या राजाने, विक्रांतसेनाने, एका मांत्रिकाच्या तहानलेल्या गाई नदीवरून हाकलून दिल्या होत्या. मांत्रिक म्हणाला, "जनावर म्हणजे तुला नुसती संपत्ती. घे मग संपत्ती." तत्क्षणी राज्यातलं प्रत्येक पाळीव जनावर अंगठ्याएवढं, काशाचं झालं. राजाने ती सगळी वेचून खजिन्यात मांडली. रोज स्वतः चिंचेने घासून तो ती लखलखीत ठेवी.

राजकन्या उल्का या प्रकाराला विटली. तिने कुंपणावरच्या भारद्वाज पक्ष्याला विचारलं, "तू कसा वाचलास?"

"मी कुणाच्या मालकीचा नव्हतो. ऐक राजकन्ये, धन्याने ओळखून हाक मारली की जनावर उठेल. तीन उठली की शाप संपेल. एक हाक चुकली, तर सगळी कायमची काशाची."

उल्का खजिन्यातली काही जनावरं ओच्यात भरून निघाली.

म्हाताऱ्या धनगराने एका काशाच्या कुत्र्याचा तुटका कान चाचपला. "खंड्या," तो म्हणाला. कुत्रा भुंकत उठला.

कुंभारणीने वाकडा तुरा पाहिला. "हाच तो भांडखोर तुर्‍या." कोंबड्याने उठताच तिला चोच मारली.

तिसरी गिरिजा, शेतात नांगराला जुंपलेली. तिच्यापुढे उल्काने बैल मांडले. गिरिजा बराच वेळ बघत राहिली.

"सगळे सारखेच गुळगुळीत, बाईसाहेब. कोणी घासले एवढे?"

"आम्ही," मागून आवाज आला. घोडा नसल्याने राजा धापा टाकत पायीच आला होता. "खजिना परत ठेव, उल्का."

"बाबा, तिचा खांदा बघा."

दोराने खांदा सोलून निघाला होता. राजा पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "पोटाखाली आमचं बोट पोहोचत नसे."

गिरिजाने एकेक बैल उलटा केला. एकाच्या पोटाखाली, हिरव्या गंजात, काटेरी कुंपणाचा लांब ओरखडा शिल्लक होता.

"पवळ्या," ती म्हणाली.

पवळ्या उठला आणि तिचा खांदा चाटू लागला. तिकडे खजिन्याची दारं फुटली, गुरं घरोघर धावली, आणि मांत्रिकाच्या गाई नदीवर पोटभर पाणी प्यायल्या. त्यांना कोणी हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला. राजा जागा झाला, सवयीने चिंच शोधू लागला. पण ती केव्हाच आमटीत पडली होती.