केरबाचा गुडघा

केरबाचा गुडघा मोडला आणि गावाच्या कबड्डीचं कंबरडंच मोडलं. वर्षाने तो फायनलला मैदानावर आला, तर त्याला खांद्यावर घेऊन नाचलेली माणसंच आता त्याच्या पायाकडे बघून कुजबुजत होती. "वय झालं गड्याचं. पहिल्याच चढाईत पडतोय बघ."

मंडळाचे अध्यक्ष बापूशेठ यांना तेवढंच हवं होतं. "केरबा बसेल, माझा भाचा खेळेल," ते म्हणाले. आज बसला असता, तर केरबा कायमचाच बसला असता.

त्याची थोरली बहीण तानूअक्का पुढे झाली. "शेठ, आधी भोंग्यावर भाच्याचं नाव तर सांगा."

नाव पुकारलं. समोरच्या संघातले गडी पाय पसरून केळी खात होते, ते खातच राहिले.

"आता केरबाचं सांगा."

ते नाव ऐकलं आणि केळी खाली ठेवून सगळे उठले. केरबाला धरायला पुढे कोण जाणार, यावरून त्यांच्यात "तू जा, तू जा" असा वादच लागला.

"ज्यांना तो पाय धरायचाय, त्यांना तो अजून धडधाकट वाटतोय," अक्का म्हणाली. "मोडलाय तो तुमच्यापुरता. तुमच्या भाच्याला भिऊन कुणी केळं तरी खाली ठेवलं का?"

शेठनी जर्सी केरबाच्या हातात दिली.

केरबा अक्काच्या कानाशी वाकला. "अक्का, गुडघा खरंच लटलटतोय गं."

"लटलटू दे. तुझा एकच लटलटतोय. तिकडं सात जणांचे चौदा लटलटतायत."