न सुटलेला प्रश्न

विद्यापीठात पुलांच्या गंजावर पीएच.डी. करण्यासाठी एकच जागा निघाली होती. मुलाखतीला स्थापत्य विभागाचे प्रमुख डॉ. हुपरीकर बसले होते, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. प्रत्येक उमेदवाराला ते एकच सांगत, "मला उत्तर देता येणार नाही असा या विषयातला एक प्रश्न विचारा, जागा तुमची." सकाळपासून अकरा जण अवघड समीकरणं घेऊन आले आणि मान खाली घालून परतले.

शेवटी सगुणा वळवी आत आली. ती शहाद्याच्या तंत्रनिकेतनात शिकवत होती. हा तिचा तिसरा प्रयत्न होता, आणि शिष्यवृत्तीच्या वयोमर्यादेमुळे शेवटचाही.

"सर, या विषयातला कोणता प्रश्न तुम्हाला अजून सुटलेला नाही?" तिने विचारलं.

"असा एकही नाही," सर ऐटीत म्हणाले.

"मग संशोधक कशाला हवाय, सर? जाहिरात रद्दच करायला हवी."

शेजारच्या परीक्षक बाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर गोरेमोरे झाले. पेन फिरवत हळूच म्हणाले, "एक आहे. एकाच दिवशी, एकाच काँक्रीटने बांधलेल्या दोन खांबांपैकी एकातलंच लोखंड आधी का गंजतं, ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही."

"मग माझा प्रश्न तोच, सर. ते आधी का गंजतं?"

सर एकदम खळखळून हसले.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "दोघं मिळून शोधू."