संतबाईंचा डावा पाय

"हे कुरण आजपासून संत वेन्दलाबाईंचं!" मठाचे फादर गॉसविन यांनी भर चावडीवर जाहीर केलं, आणि हिल्केच्या हातातली दुधाची बादली हिंदकळली.

कारण कुरण होतं हिल्केचं. वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या मुलखात समुद्र वर आणि गाव खाली! मधे मातीचा एक बांध. ज्याची जमीन, त्यानं आपल्यासमोरचा बांध फावडं घेऊन राखायचा, असा तिथला रिवाज. बाप वारल्यापासून हिल्के एकटीच तो राखायची. घरात म्हातारी आई, गोठ्यात ब्लार नावाची एकुलती एक गाय. कुरण गेलं की ब्लार जाणार, आणि ब्लार गेली की मायलेकींनी काय वारा खायचा?

कुरण होतं मठाला लागूनच. त्या गवतावर फादरचा तीन वर्षं डोळा होता. संतबाईंना प्रगटायला तरी नेमकं तेच गवत सापडावं!

जहागिरीचे मालक उमराव लीवेन न्यायाला बसले होते. मोठा हट्टी माणूस. एकदा तोंडातून शब्द गेला की परत बोलावणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"सरकार," फादर म्हणाले, "बुधवारी पहाटे दाट धुकं होतं. मी मठाच्या खिडकीत प्रार्थनेत मग्न होतो."

"घोरण्याचा आवाज मी ऐकलाय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"आणि समोर कुरणात संतबाई प्रगटल्या! डोईभोवती तेजाचं वलय! एक पाय अधांतरी! आणि मोठ्यानं म्हणाल्या, 'माझं आहे ते!' तीनदा म्हणाल्या, सरकार! आता कुरण कुणाचं, हे मी सांगायला हवं का?"

साऱ्या गावानं टोप्या काढल्या. चीज विकणाऱ्या बाईला तर लगेच आठवलं, की बुधवारपासून आपला गुडघा दुखायचा थांबलाय!

हिल्केनं मात्र ओठ दाताखाली धरला. "फादर, पाय कुठला वर होता हो?"

"डावा."

"आणि हात?"

"उजवा! हातात शुभ्र वस्त्र होतं. त्याचं दुसरं टोक धुक्यातून कुणीतरी ओढत होतं!"

"अगंबाई! कोण?"

"देवदूत! दुसरं कोण असणार! दिसत नव्हता, पण श्वास मी स्पष्ट ऐकला."

हिल्केला असा काही खोकला आला, की डोळ्यांतून पाणी! खरं तिथंच बोलून टाकलं असतं, तर संतबाईंची टवाळी केली म्हणून चाबूक बसला असता.

"हसतेस?" उमराव गरजले. "संतबाई खोटं बोलल्या म्हणतेस?"

"छे छे, सरकार! त्यांचा शब्द अगदी खरा! ऐकणाऱ्याच्या कानात थोडं धुकं गेलं."

"असं? मग आण त्यांना माझ्यापुढे! कुरण कुणाचं, ते त्यांच्याच तोंडून ऐकेन. रविवारच्या आत! नाही जमलं तर कुरण मठाचं, आणि तू गावाबाहेर!"

गाव हळहळलं. फादरनी पोटावरून हात फिरवला.

"आणते, सरकार," हिल्के म्हणाली. "पण संतबाई खऱ्या की खोट्या, ते फादरनीच ओळखायचं. आम्हा गवळणींना काय कळतंय!"

"लाखात ओळखेन!" फादर म्हणाले. मनात म्हणाले, कुणालाही आण, मी नाहीच म्हणणार!

शनिवारी पहाटे धुकं उतरलं. हिल्केच्या निरोपावरून उमराव मठाच्या खिडकीत येऊन बसले, घोंगडं पांघरून, जांभया देत. शेजारी फादर, हातात जपमाळ. हिल्केचा पत्ता नव्हता.

आणि एकाएकी कुरणात ती मूर्ती! डावा पाय अधांतरी, उजवा हात वर, डोईभोवती वलय!

नाही म्हणायचं ठरवलं होतं, ते फादर सपशेल विसरले. धाडकन गुडघ्यांवर आले. "त्याच! सरकार, त्याच! डावा पाय बघा!"

"नक्की?"

"देवाशपथ! वेदीवर हात ठेवून सांगतो!"

धुक्यातून आवाज आला, "सोड! माझं आहे ते! माझं आहे ते! माझं आहे ते!"

उमराव तसेच अनवाणी कुरणात धावले. मागून जपमाळ सावरत फादर. जवळ जाऊन बघतात तर काय! हिल्केचा डावा लाकडी जोडा चिखलात रुतलेला. मोजा भिजू नये म्हणून पाय वर. समोर ताज्या दुधाची बादली, तिची वाफ थेट डोक्यापर्यंत. आणि हातात डोक्याच्या फडक्याचं एक टोक. दुसरं टोक ब्लारच्या तोंडात!

"सरकार, रोज सकाळी हेच!" हिल्के धापा टाकत म्हणाली. "चिखल जोडा धरतो, ही बया फडकं धरते. बघा, देवदूत कसा रवंथ करतोय!"

"फसवणूक!" फादर किंचाळले. "ही कसली संत!"

"नाही ना? मग बुधवारी संत आल्याच नाहीत, आणि कुरण माझं. आणि तुमच्या शपथेप्रमाणे मी संत असेन, तर कुरण संतांचं, म्हणजे पुन्हा माझंच! बोला फादर, यातलं कुठलं खरं?"

फादर जपमाळेचे मणी भराभर ओढू लागले.

उमराव असे हसले, असे हसले, की तिथंच चिखलात बसले! "हिल्के, कुरण तुझं! आणि फादर, तुम्हाला संतबाईंची सेवा करायची हौस आहे ना? मग या कुरणासमोरचा बांध यापुढे मठानं राखायचा! अरे, फादरना एक फावडं द्या!"

आणि गळ्यातलं रेशमी उपरणं काढून त्यांनी हिल्केच्या हातात ठेवलं. तिनं ते डोक्याला गुंडाळायला घेतलं, तोच ब्लारनं त्याचं दुसरं टोक पकडलं.

"सोड! माझं आहे ते!" हिल्के ओरडली.

आणि फादर, हातात फावडं, सवयीनं पुन्हा गुडघ्यांवर!