झिपरी अस्वलिणीच्या हिरड्या

फार वर्षांपूर्वी मोहाच्या जंगलात झिपरी नावाची अस्वलीण राहत होती. तिची मोहफुलं खाऊन झाली की चिटकी खार कडुलिंबाच्या काडीने तिचे दात घासून द्यायची.

एकदा चिटकीला पिल्लं झाली, म्हणून ती महिनाभर आली नाही. मग येऊन तिने काडी लावली, तर झिपरीच्या सुजलेल्या, लालभडक हिरड्यांतून रक्त आलं.

"तूच जखम केलीस!" म्हणत झिपरीने तिला हाकलून दिलं.

काडी बंद झाली, तशी सूज वाढली. एक दाढ हलू लागली. मऊ मोहफूलही चावेना, तेव्हा झिपरी चिटकीच्या ढोलीखाली आली.

"माझ्या हिरड्या माझ्यावरच का उलटल्या गं?"

"उलटल्या नाहीत, मावशी. दातांच्या कडेला घाण साचलीय, तिच्याशी त्या लढताहेत. म्हणून रक्त तिथे धावतं, सूज येते. पण लढाई लांबली की दातांचा आधारच ढासळतो."

झिपरीने भीत भीत तोंड उघडलं आणि चिटकी पुन्हा रोज हलकेच काडीने दात घासू लागली. रक्त रोज थोडं कमी होत गेलं आणि पंधरवड्याने थांबलं. हलणारी दाढ पडली, बाकीचे दात मात्र टिकले.

पुढे कधी रक्ताचा ठिपका दिसलाच, तर झिपरी म्हणायची, "चिटके, आज इथे जरा जास्त वेळ घास."