मैनेचा साग

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर दाट रान. त्या रानात गवे राहायचे. काळेभोर, धिप्पाड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे! पण गावाच्या वाटेला कधी जायचे नाहीत हो.

रानाची देखभाल पारूआत्याकडे होती. कोणतं झाड तोडायचं, कोणतं राखायचं, ते तीच ठरवायची. तरुणपणी तिनेच एक रीत घातली होती. घरात मूल जन्मलं की रानातल्या मोकळ्या माळावर त्याच्या नावाने साग लावायचा. पहिला साग तिच्या लेकीचा, मैनेचा. मैना लहानपणीच तापाने गेली. साग मात्र वाढला. आत्या रोज त्याला पाठ टेकून बसायची आणि लेकीशी बोलायची.

वर्षं गेली. माळ सागांनी गच्च भरला. गावाला केवढं कौतुक! आणि नेमके तेव्हाच गवे नाचणीच्या शेतात उतरले. सकाळी पाहावं तर उभं पीक भुईसपाट.

"माज आलाय त्यांना!" पाटील कडाडले. "वाटेवर खड्डे खणा, आत टोकदार खुंट रोवा. एकही सुटता कामा नये."

"थोडं थांबा, पाटील," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं आले नाहीत, ते आताच का आले? आधी बघून तर येऊ द्या."

ती कळपाच्या मागावर निघाली आणि थेट माळावरच पोहोचली. अरे देवा! गव्यांच्या बरगड्या वर आल्या होत्या. एक मादी मैनेच्या सागाखालचा वाळका पाचोळा हुंगत होती. वासरू तिला लुचत होतं, पण दूधच येत नव्हतं. सागांच्या सावलीत गवताची काडी म्हणून उरली नव्हती, आणि रोज इथे बसूनही आत्याला ते कधी जाणवलं नव्हतं. ती त्या मादीला म्हणाली, "अगं बाई, तुमच्या पुढचं ताट मीच ओढून घेतलं की गं!"

गावात येऊन तिने सरळ सांगितलं, "दोष गव्यांचा नाही, माझा आहे. माळावरचे साग काढायला हवेत."

गाव खवळलं. "पोरांच्या नावाची झाडं तोडायची?" एक पोटुशी सून तर पुढेच आली. "आधी स्वतःच्या लेकीचं तोडून दाखव, आत्या!"

आत्याने कुऱ्हाड उचलली. सगळं गाव मागोमाग गेलं. मैनेच्या सागाला मिठी मारून ती ओक्साबोक्शी रडली, पदराने डोळे पुसले आणि पहिला घाव घातला. धन्य ती बाई! साग पडला तशी पाटलांनी कुऱ्हाड मागून घेतली आणि आपल्या नातवाच्या सागाकडे वळले. त्यानंतर कुणी मागे राहिलं नाही.

पावसाळ्यात माळावर कमरेएवढं गवत माजलं. गवे तिथेच रमले, नाचणी वाचली, खड्डे खणायची वेळच आली नाही. रीतही बदलली. साग आता उजाड टेकडीवर लावतात आणि माळावरच्या खुंटांना फुटवे आले की गाव मिळून ते काढतं.

मैनेच्या सागाच्या लाकडाचा पाटलांनी पाळणा करवून घेतला. त्यात पहिलं बाळ ठेवलं ते त्याच सुनेने. ती मान खाली घालून म्हणाली, "पहिला झोका तुझ्या हातचा, आत्या."

आत्याने दोरी धरली आणि मैनेसाठी म्हणायची तीच अंगाई कितीतरी वर्षांनी म्हटली.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: जीव लावून केलेलं कामही चुकू शकतं. ते उमगल्यावर पहिला घाव आपल्याच झाडावर घालतो, तोच रानाचा खरा राखणदार.